टिळक रस्ता संपतो तिथे

पुण्याच्या मंडईला नाव महात्मा फुल्यांचं आहे आणि मंडईच्या आवारात पुतळा आहे लोकमान्य टिळकांचा. आम्हा पुणेकरांना त्यात काही वावगं वाटत नाही. मेथीच्या जुडीवरून घासाघीस चालू असताना मान वर करून बघतो कोण? पण त्या एका आवारात या शहराचं शंभर वर्षांचं भांडण उभं आहे. त्या भांडणाच्या ऐन मध्यात जो माणूस होता, त्याचा तिथे मागमूसही नाही. तो माणूस म्हणजे केशवराव जेधे.

आधी मंडईचंच सांगतो. इमारत १८८६ साली खुली झाली तेव्हा तिला मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावावरून रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले त्याआधी काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि मंडईवर एवढा पैसा ओतायला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये मंजूर करायचे होते, तेव्हाही आडवा गेलेला सभासद हाच. पुढे १९२४ साली याच मंडईत टिळकांचा पुतळा बसला, मोतीलाल नेहरू अनावरणाला आले. आणखी काही वर्षांनी आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि रे साहेबांची पाटी उतरून तिथे फुल्यांची चढली. म्हणजे ज्या गृहस्थांनी मंडईला विरोध केला, त्यांचंच नाव मंडईला! अत्रे विनोदी लेखक होते हे खरंच, पण हा विनोद त्यांनी जाणूनबुजून केला नसावा.

टिळकांचा पुतळा बसला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९२५ मध्ये, नगरपालिकेत एका तरुण सभासदाने ठराव मांडला की फुल्यांचाही पुतळा पुण्यात असावा. हा सभासद म्हणजे शुक्रवार पेठेतले केशवराव जेधेच, वय एकोणतीस. सभागृहात बहुमत होतं टिळकांना मानणाऱ्यांचं. ठराव फेटाळला गेला.

आमचं घर सदाशिव पेठेतलं. आजोबा कचेरीत कारकून, घरात केसरी येणार, गणपतीत मेळे बघायला जाणार, अशा चाकोरीतले. जेध्यांचं नाव मी आजोबांच्या तोंडून ऐकलं ते मेळ्यांच्याच गोष्टीत. हल्लीच्या मुलांना मेळा म्हणजे काय हे सांगावं लागतं. एकसारखे फेटे बांधलेली पंधरा-वीस पोरं, हातात टिपऱ्या नाहीतर लेझीम, पुढे पेटी-तबला, आणि चौकाचौकात थांबून म्हटलेली पदं. पदं देवाची म्हणून सुरू व्हायची आणि तिसऱ्या कडव्याला कुणाची तरी खाल काढायची. आजोबांच्या डोळ्यांसमोर सन्मित्र समाजाचा मेळा असे, त्यातली पदं त्यांना म्हातारपणीही चालीसकट येत. आणि समोरून यायचा छत्रपती मेळा. जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांच्या सोबत्यांनी उभा केलेला. शिवाजी महाराजांचा जयजयकार करत तो गायकवाड वाड्यावरून, म्हणजे केसरीच्या दारावरून जायचा आणि टिळकपक्षाची यथेच्छ टवाळी करायचा. मग धक्काबुक्की, दगड, पोलीस. पहिला दगड कुणी मारला याचं उत्तर पुण्यात पेठेप्रमाणे बदलतं. आमच्या पेठेतलं उत्तर काय असणार, ते सांगायला नको.

आजोबा ही गोष्ट मजा म्हणून सांगत आणि ती तिथेच संपवत. जेधे पुढे कोण झाले, कुठे गेले, यातलं काही घरात कधी निघालं नाही. मला ते बऱ्याच उशिरा, पुस्तकं चाळताना कळत गेलं.

जेध्यांचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता, थोरले बंधू बाबूराव सत्यशोधक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या गोटातले. शुक्रवार पेठेतलं त्यांचं घर 'जेधे मॅन्शन' म्हणूनच ओळखलं जाई. वाडा न म्हणता मॅन्शन म्हणणं हेही मला त्या काळातल्या ऐटीचं लक्षण वाटतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात पुण्यातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा कारभार या घरातून चाले. बाहेरगावचा कार्यकर्ता पुण्यात उतरला की पथारी इथेच. गायकवाड वाड्यापासून हे घर चालत काही मिनिटांवर. महाराष्ट्राचं राजकारण ज्या दोन टोकांना ताणलं जात होतं, ती दोन टोकं सकाळी दूध आणायला गेलेल्या माणसालाही एका फेरीत बघता आली असती.

फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव पडला त्याच वर्षी जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघालं. प्रकाशक केशवराव जेधे. पुस्तकाचा रोख टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर. मी ते वाचलं आहे. काही पानं वाचवत नाहीत. राग समजतो, पण भाषा इतकी खालच्या थराला जाते की मुद्दा काय होता हेच वाचणारा विसरतो. मात्र चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांच्या भाषेची आणि विद्वत्तेची जी टिंगल केली तीही मी वाचली आहे. तिला आमच्या शाळेत मराठी गद्याचा नमुना म्हणत. दोन्हीकडे हेतू समोरच्याचं पाणी उतरवण्याचाच. एकाच्या हातात संस्कृत वळणाचं गद्य होतं आणि दुसऱ्याच्या हातात तमाशातली शिवी, एवढाच काय तो फरक.

अब्रुनुकसानीचा खटला झाला. लेखक, प्रकाशक, प्रस्तावना लिहिणारे केशवराव बागडे आणि छापणारे लाड अशा चौघांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात त्यांची बाजू मांडायला मुंबईहून एक बॅरिस्टर आले, वकिलीत अजून नवे असलेले डॉ. भीमराव आंबेडकर. १९२६ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या सेशन्स कोर्टात चौघेही सुटले. महाडच्या चवदार तळ्याच्या आधीची ही गोष्ट. आंबेडकरांच्या चरित्रांत ती येते. जेध्यांच्या नावासमोर मात्र ती क्वचितच सांगितली जाते.

इथे टिळकांच्या धाकट्या मुलाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. श्रीधरपंत टिळकांनी १९२८ च्या एप्रिलात आंबेडकरांना बोलावून समाज समता संघाची शाखा गायकवाड वाड्यातच उघडली. पुढच्याच महिन्यात त्यांनी आत्महत्या केली. सदाशिव-नारायण पेठ सगळी एका बाजूला आणि शुक्रवार-गंज पेठ सगळी दुसऱ्या बाजूला, असं चित्र रंगवायला सोपं जातं. पण खुद्द टिळकांच्या घरातच ही भिंत तडकली होती.

आता यानंतरचे जेधे बघा. १९३० च्या सुमारास हा गृहस्थ काँग्रेसमध्ये गेला. म्हणजे काल-परवापर्यंत ज्यांना भटांची काँग्रेस म्हणून झोडपलं, त्यांच्यातच. सोबत जोडी जमली काकासाहेब गाडगिळांशी. गाडगीळ ब्राह्मण, वकील, तेही पुण्यातच काम करणारे. जेधे-गाडगीळ ही जोडगोळी मग दहा-पंधरा वर्षं महाराष्ट्राच्या काँग्रेसमध्ये गाजली. हे कसं घडलं? ब्राह्मणेतर पक्षाच्या पुढाऱ्यांचं इंग्रज सरकारशी सूत होतं, कायदे कौन्सिलात जागा आणि मंत्रिपदं होती. शेतकऱ्यांची तरुण पोरं मात्र गांधींच्या मागे निघाली होती. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांसारखा माणूस मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. जेध्यांनी वारा ओळखला असं म्हणायचं तर म्हणा. पण ते सत्तेच्या दिशेनं गेले नाहीत, तुरुंगाच्या दिशेनं गेले, हेही त्याच दमात म्हणावं लागेल. १९३० साली काँग्रेसमध्ये जाऊन मिळायचं काय होतं? लाठी आणि खडी फोडणं.

ते एकटे गेले नाहीत. त्यांच्यामागून सातारा, पुणे, नगर, सोलापूरकडची गावंच्या गावं आली. १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा एका खेड्यात, खानदेशातल्या फैजपूरला भरलं, तेव्हा महाराष्ट्रातली काँग्रेस पेठांमधून कधीच बाहेर पडलेली होती. ब्राह्मणेतर पक्ष नावाचं काही उरलं नाही. माझ्या मते जेध्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच. पुढे तीन-चार पिढ्यांनी महाराष्ट्रावर राज्य केलं ते या पायावर. यशवंतराव चव्हाण ज्या काँग्रेसचे नेते झाले, ती बहुजनांची काँग्रेस जेध्यांच्या पिढीनं घडवून ठेवलेली होती.

पण याच कामात त्यांचं सगळ्यात मोठं उणंही आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. काँग्रेसमध्ये शिरताना फुल्यांच्या गाठोड्यातलं बरंच काही उंबऱ्याबाहेर राहिलं. शेतकरी आला, त्याची संख्या आली, मराठा समाज आला. जात मोडायचा हट्ट मात्र मागे पडला. ज्या आंबेडकरांनी १९२६ मध्ये कोर्टात उभं राहून यांना सोडवलं, त्यांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि वाटा वेगळ्या झाल्या. कोर्टातली ती जवळीक राजकारणात टिकली असती तर, असा विचार मनात येतो. पण जर-तरचा इतिहास लिहायचं काम मी दिवाळी अंकांवर सोपवतो.

स्वातंत्र्य आलं. जेधे घटना समितीचे सभासद होते. पण महाराष्ट्रातल्या काँग्रेसमध्ये वरच्या खुर्च्यांवर शंकरराव देव, बाळासाहेब खेर, मोरारजीभाई, आणि खाली शेतकऱ्याच्या दारात लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं, धान्य मोजून न्यायला आलेला सरकारी माणूस. शंकरराव मोरे, जेधे आणि इतरांनी आधी काँग्रेसच्या आतच शेतकरी-कामगारांचा गट बांधला आणि १९४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष म्हणून ते बाहेर पडले.

१९४८ हे साल आमच्या घरात वेगळ्या कारणानं लक्षात आहे. गांधींच्या खुनानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळली. साताऱ्याकडचे आमचे नातलग हातातल्या बोचक्यांनिशी पुण्यात आले आणि माजघरात बरेच महिने राहिले. आत्या तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. एका चुलतभावंडाच्या फ्रॉकला धुराचा वास कितीतरी दिवस येत होता, हे ती अजून सांगते. त्या घरात मग जेधे, मोरे, शेकाप या नावांची चर्चा कोण करणार? जाळपोळीशी जेध्यांचा संबंध जोडायला मला काही आधार सापडलेला नाही, आणि मी तो जोडतही नाही. आमच्याकडे ते नाव का मिटलं, एवढंच सांगतो आहे.

शेकापचं पुढे काय झालं ते थोडक्यात उरकतो, कारण त्यात जेध्यांचा जीव फार रमलेला दिसत नाही. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षानं मार्क्सवादी वळणाचा प्रबंध स्वीकारला. पितळेच्या कारखान्यातून आलेला सत्यशोधक आणि लेनिनची पोथी, हे जमणं कठीणच होतं. १९५२ च्या निवडणुकीत पक्षाच्या पदरी अपेक्षेइतकं काही पडलं नाही. १९५४ मध्ये मोरे आणि जेधे काँग्रेसमध्ये परतले. जेध्यांच्या कारकिर्दीतला हा टप्पा मला सगळ्यात फिका वाटतो. बाहेर पडताना जे प्रश्न मांडले होते, ते सहा वर्षांत सुटलेले नव्हते.

आता यावर आजचा वाचक म्हणेल, चार वेळा टोपी बदललेला माणूस, त्याचं एवढं कौतुक कशाला? गेल्या काही वर्षांत आपण पक्षांतरं इतकी पाहिली आहेत की हे शब्द तोंडात येणं साहजिक आहे. रात्री एका पक्षात झोपलेला आमदार सकाळी दुसऱ्या पक्षात उठतो, तोही दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलात. मी जेध्यांसाठी या हिशोबातून माफी मागत नाही, पण त्यांचा खतावणीचा कागद नीट वाचावा एवढंच म्हणतो. ब्राह्मणेतर पक्ष सोडला तेव्हा त्या पक्षाकडे सत्ता होती आणि काँग्रेसकडे तुरुंग होता. काँग्रेस सोडली तेव्हा काँग्रेस दिल्लीपासून मुंबईपर्यंत राज्यावर बसलेली होती. परतीचा एक अपवाद सोडला, तर या माणसानं प्रत्येक वेळी भरल्या ताटावरून उठून रिकाम्या पाटावर बसण्याचा उद्योग केला आहे. मंत्रिपद त्यांना कधी मिळालं नाही.

आणि मग १९५६. राज्य पुनर्रचना आयोगानं मराठी माणसाला स्वतःचं राज्य नाकारलं होतं. जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील अशी घोषणा झाली, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात माणसं पडली. ६ फेब्रुवारीला पुण्यात सगळ्या पक्षांची बैठक झाली आणि त्या बैठकीत संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. पुढे समितीचे अध्यक्ष झाले कॉम्रेड डांगे, सरचिटणीस एस. एम. जोशी. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदुत्ववादी, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी मंडळी एका छताखाली. एवढ्या सगळ्यांना चालेल असा त्या बैठकीचा अध्यक्ष कोण? केशवराव जेधे. आणि ते छत कुठलं? टिळक स्मारक मंदिर.

एकतीस वर्षांपूर्वी ज्यांनी टिळकांना देशाचा दुश्मन ठरवणारं पुस्तक छापलं आणि त्यापायी शिक्षा ओढवून घेतली, ते टिळकांच्या स्मारकात अध्यक्षाच्या खुर्चीवर. काहींना यात शरणागती दिसेल, काहींना दिलजमाई. मला दोन्ही पटत नाही. जेध्यांनी टिळकांबद्दलचं मत बदलल्याची जाहीर कबुली दिली नाही आणि तिथल्या कुणी ती मागितलीही नाही. भांडण मिटलेलं नव्हतं. पण मुंबईसकट महाराष्ट्र हवा, या एका कामापुरतं ते बाजूला ठेवता येईल एवढं दोन्हीकडच्यांना शहाणपण आलं होतं. यशवंतरावांनी त्याच सुमारास नेमकी उलटी वाट धरली. महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे, असं म्हणून ते काँग्रेसबरोबर राहिले आणि १९५६ च्या नोव्हेंबरात मराठी-गुजराती द्विभाषिक राज्याचे मुख्यमंत्री झाले. राजकारण म्हणून चव्हाणांचं गणित बरोबर आलं, हे मान्य करायला हवं. १९६० मध्ये मंगल कलश त्यांच्याच हातून आला.

आजोबाही त्या काळात शनिवारवाड्यापुढच्या सभांना जात. अत्र्यांचं भाषण असलं की जेवण लवकर आटपून निघत. कारकुनाची नोकरी, तरी एकदा खिशात मोर्चाचा बिल्ला सापडला म्हणून आजीनं दोन दिवस अबोला धरला होता. त्याच व्यासपीठावर गणपतीतल्या मारामाऱ्यांच्या दुसऱ्या बाजूची माणसंही बसलेली त्यांनी पाहिली असणार. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि मला विचारायचं सुचलं तेव्हा ते राहिले नव्हते.

आज पुण्यात जेध्यांचं नाव आहे ते स्वारगेटला. चौकाला आहे, उड्डाणपुलाला आहे. टिळक रस्ता अलका टॉकीजपासून निघतो, टिळक स्मारकावरून, स. प. महाविद्यालयावरून, हिराबागेवरून येतो आणि जिथे संपतो तो देशभक्त केशवराव जेधे चौक. अगदी नकाशावर रेघ मारून दाखवता येईल असं हे आयुष्य! पण रिक्षावाल्याला जेधे चौक म्हणालात तर तो क्षणभर विचार करून "म्हणजे स्वारगेटच ना?" असं विचारतो. एसटीची पाटी स्वारगेट, पीएमपीची स्वारगेट, आता जमिनीखालच्या मेट्रोचीही स्वारगेट. शेजारी शुक्रवार पेठेत हयात गेलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर जेधे मॅन्शन बोट दाखवून सांगतात. त्यांच्या नातवंडांना जेधे म्हणजे ट्रॅफिकची बातमी.

असं का झालं यावर माझं एक मत आहे. आपल्याकडे पुढारी मागे उरतो तो त्याच्या संस्थांमधून. साखर कारखाना, सहकारी बँक, दूध संघ, शिक्षण संस्था. दरवर्षी पुण्यतिथीला हार घालायला पगारी माणसं लागतात. जेध्यांनी पक्ष जोडले आणि मोडले, सभा गाजवल्या, माणसं एका अंगणातून दुसऱ्या अंगणात नेली. यातल्या कशालाच इमारत नसते. फुलेवाद्यांना ते काँग्रेसमध्ये गेलेले म्हणून अर्धे, काँग्रेसवाल्यांना शेकाप काढलेले म्हणून अर्धे, शेकापवाल्यांना परत गेलेले म्हणून अर्धे, आणि आमच्या पेठेला ते 'देशाचे दुश्मन'चे प्रकाशक. पूर्ण जेधे कुणाच्याच वाट्याला आले नाहीत.

१९५७ साली ते बारामतीतून लोकसभेवर गेले आणि १२ नोव्हेंबर १९५९ ला वारले. मुंबईसह महाराष्ट्र व्हायला जेमतेम सहा महिने उरले होते. त्यांच्या जागेसाठी १९६० मध्ये बारामतीला पोटनिवडणूक लागली. काँग्रेसनं तिकीट दिलं त्यांच्या मुलाला, गुलाबराव जेध्यांना. विरुद्ध उभा होता शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे वडिलांनी उभारायला हातभार लावलेला पक्ष. त्याचे उमेदवार वसंतराव पवार. आणि पुण्यात बीएमसीसीत शिकणारा त्यांचा धाकटा भाऊ, वय अजून विशीच्या उंबऱ्यावर, घरातल्या उमेदवाराला सोडून गुलाबरावांच्या प्रचाराला हिंडत होता. तो शरद पवार. निवडून आले गुलाबराव.